दुसऱ्याच्या तोंडचे तीन शब्द

मी एक नक्कल बोलतेय. हसू नका, कुणाच्या चालण्याबोलण्याची चेष्टा करतात ती नक्कल नव्हे मी. नाटकातल्या एका नटाची भाषणं तेवढी उतरवून त्याच्या हातात देतात, ती नक्कल. सहा बोटं रुंद, पुरती उलगडली तर दोन माणसांएवढी लांब, आणि गुंडाळली की मुठीत मावणारी. लंडनला नदीच्या दक्षिणेकडे, जिथं एका आवारात अस्वलं झुंजवतात आणि शेजारच्या आवारात नाटकं करतात, तिथं राणीच्या राज्यात माझा जन्म झाला. माझ्या अंगावर पाडुआच्या लाझारो वैद्याची भाषणं आहेत. सगळी लिहिली होती. दुसऱ्या कुणाचं एकही नाही.

आता मी थकलेय. थकलेल्या म्हातारीनं गोड बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका.

आमच्याकडे रीतच तशी. अख्खं नाटक एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं, त्याला पोथी म्हणायचं. पोथी एकच. ती मंडळीच्या पोथ्या सांभाळणाऱ्या क्राउच मास्तरांच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मास्तरांच्या कमरेला. बाकी ज्याला त्याला आपापली नक्कल. कागद महाग, लिहिणाऱ्याची बोटं दुखतात, हे आहेच. पण खरं कारण भीती. प्रत्येकाच्या हातात अख्खं नाटक दिलं, तर आठ दिवसांत नदीपलीकडची दुसरी मंडळी तेच लावून मोकळी होतील.

मग नटानं बोलायचं कधी? त्यासाठी माझ्यावर दर भाषणाच्या आधी एक लांब रेघ आहे आणि रेघेच्या टोकाला तीन शब्द. समोरचं पात्र जे बोलेल, त्यातले शेवटचे तीन. ते कानावर पडले की आपण सुरू व्हायचं. समोर कोण असेल, किती बोलेल, हसत की रडत, काही लिहीत नाहीत. शेजारच्या घरात भांडण चाललंय, आपण भिंतीला कान लावलाय, आणि दर खेपेला शेवटचे तीनच शब्द कळतायत, असा माझा जन्म.

मला क्राउच मास्तरांनी दोन दिवसांत लिहिलं. खिडकीशी बसून, डाव्या हातानं खारवलेला मासा खात. माझ्या दुसऱ्या पट्टीवर त्याचा तेलकट डाग पडला. सात पट्ट्या पिठाच्या खळीनं जोडल्या, टोकाला काठी लावली आणि मला वाळत घातलं. मास्तर लिहिताना ओठ हलवायचे. त्या ओठांकडे बघून मी अक्षरं शिकले. मला कुणी शाळेत घातलं नव्हतं. जे आलं ते कान टवकारून आलं, आणि त्याचा मला फार ताठा होता.

लाझारोबद्दल मला कळलं ते एवढं. तो पाडुआतला मोठा वैद्य. वैद्यकाची सगळी पुस्तकं त्यानं वाचून टाकलेली, तरी त्याला एक गोष्ट हवी होती: प्रत्येक माणसाच्या मरणाची घटका आधी कळावी. त्यापायी तो एका पिशाच्चाला बोलावतो. पुढं मात्र सगळे तुकडे. माझ्यावर एके ठिकाणी रेघ आहे, टोकाला ‘राजवाड्यात दिवे विझले’, आणि खाली लाझारो म्हणतो, “मी सांगितलं होतं.” काय सांगितलं होतं? कुणाला? राजा मेला की जेवण संपलं? मी वाळत पडल्यापडल्या याचाच विचार करत होते.

मंडळीतला मोठा नट एडमंड गॅरो घोड्यावरून पडला आणि त्याचा पाय मांडीत मोडला. म्हणून मी अँब्रोज पेलच्या हातात आले.

अँब्रोज अडतीस वर्षांचा होता. अकरा वर्षं मंडळीत पगारी नट. त्यानं भाले धरले, निरोप आणले, पहिल्या अंकात शिपाई म्हणून मेला आणि तिसऱ्या अंकात दाढी बदलून दुसरा शिपाई म्हणून उठला. आवाज चांगला, उंची चांगली, नशीब बेताचं. क्राउच मास्तरांनी मला त्याच्या हातात ठेवलं तेव्हा रंगपटात सगळे हजर होते. पिशाच्चाचं काम करणारा म्हातारा रेनल्ड फिच म्हणाला, “अँब्रोज, ही नक्कल आहे बरं का, भाला नव्हे. खांद्यावर टाकू नकोस.”

सगळे हसले. अँब्रोजही हसला. पण त्याच्या तळहाताला घाम फुटला होता, तो मला लागला.

नव्या नाटकाचा पहिला दिवस हाच आमच्याकडे निवाड्याचा दिवस. पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या उघड्या जागेत, उभे असतात ते लोक पहिल्या दिवशी सापासारखे फुसफुसले, तर नाटक दुसऱ्यांदा होत नाही. आणि ज्याच्यापायी नाटक पडलं, त्याला पुन्हा मोठं काम कोण देतो? अडतिसाव्या वर्षी आलेली ही एकच संधी होती. त्याला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि त्याच्या घामानं ओल्या झालेल्या मलाही.

त्याची बायको थॉमसिन नाट्यगृहाच्या दारावर पेटी घेऊन उभी असे. आत येणाऱ्यानं पेटीत नाणं टाकायचं आणि हिनं त्याच्याकडे असं बघायचं, की खोटं नाणं टाकायची छाती होऊ नये. तिला अक्षरओळख नव्हती. पण माझ्यावरचे ते तीन-तीन शब्द अँब्रोजनं तिला दोनदा वाचून दाखवले आणि एकसष्टच्या एकसष्ट तिनं क्रमानं डोक्यात ठेवले. मग ती वाटाणे सोलता सोलता तीन शब्द टाकायची आणि त्यानं भाषण म्हणायचं.

“‘तिची नाडी थांबली,’” थॉमसिन म्हणायची.

अँब्रोज भाषण म्हणायचा. मग थांबून विचारायचा, “पण कुणाची गं? ही कुणाची नाडी?”

“मला काय ठाऊक! तू वैद्य ना?”

“थट्टा नको. बायकोची नाडी असेल तर मी रडायला हवं. राणीची असेल तर घाबरायला हवं.”

“अरे, मग त्या दिवशी ऐक की. समोरचा सांगेलच की कुणाची.”

“त्या दिवशी? हजार माणसांपुढं?”

“आत्तापर्यंत सगळे तसंच करत आलेत ना? गॅरोला काय स्वप्न पडायचं?” शेंग टचकन फोडून ती म्हणायची, “तू आधी ऐकायला शिक. घरातसुद्धा माझं अर्धंच ऐकतोस.”

बाई शहाणी होती. पण शहाण्या माणसाचं ऐकायला आपण निम्मे तरी शहाणे असावं लागतं. अँब्रोज नव्हता. मीही नव्हते. खोटं कशाला बोलू? तो जितका तळमळत होता तितकीच मी.

सोमवारी तो मास्तरांकडे गेला. क्राउच मास्तर पेटीवर बसून लिहायच्या पिसाचं टोक कापत होते.

“मास्तर, पोथी एकदा बघू द्या. इथंच, तुमच्यासमोर बसून.”

“नाही.”

“फक्त शेवटचा प्रवेश.”

“पेल, शेपटी बघितली की गाय बघितल्यासारखीच असते. नाही.”

“गॅरोनं मागितली असती तर?”

“गॅरोनं कधी मागितली नाही,” मास्तर पिसाकडे बघत म्हणाले. “उलट मीच एकदा त्याला काही सांगायला गेलो, तर कानात बोटं घालून ‘ला ला ला’ करत पळाला.”

“त्याला सगळं आयतं जमतं. मला नाही जमत. मला कळल्याशिवाय बोलता येत नाही.”

“मग शिक,” मास्तर म्हणाले आणि पेटीवरून उठलेसुद्धा नाहीत.

पण नव्या नाटकाची पोथी परवान्याच्या कचेरीत दाखवून आणावी लागते, आणि ती तेव्हा पेटीत नव्हतीच, तिथं गेलेली होती. मंगळवारी परवाना झाल्याचा निरोप आला. मास्तरांचे गुडघे धरले होते. कचेरी नदीपलीकडे, शहराच्याही पार उत्तरेला. अँब्रोज म्हणाला, “मी आणतो.” त्यानं ते इतक्या सहज म्हटलं, की मास्तरांनी सहज मान हलवली.

जाताना मी त्याच्या अंगरख्यात छातीशी होते. येताना माझ्या शेजारी पोथी होती.

पहिल्यांदा अंगाला अंग लागलं तेव्हा मला कसं झालं, ते सांगायची मला आता लाज वाटते. माझ्यावर नसलेली बाकीची सगळी माणसं तिथं होती. राजा, राणी, ते पिशाच्च, ज्यांचे नुसते तीन-तीन शब्द मी ऐकले होते ते सगळे, अख्खेच्या अख्खे. माझ्या आणि त्यांच्यामध्ये कातड्याचं एक पुठ्ठ्याएवढं वेष्टन.

अँब्रोज थेट नदीपर्यंत आलाच नाही. वाटेत एका चर्चच्या आवारात एल्डरच्या झाडाखाली कुणाचं तरी आडवं थडगं होतं, त्याच्यावर बसला. भर दुपार होती. एक बाई पलीकडे कोंबड्यांच्या मागं लागली होती. त्यानं पोथी मांडीवर उघडली, मला शेजारी उलगडली आणि ओठ हलवत पहिल्या पानापासून वाचायला लागला.

नाडी बायकोची नव्हती, राणीचीही नव्हती. ती लाझारोच्या आईची होती. राजवाड्यात दिवे विझले ते राजा गेला म्हणून, आणि लाझारोनं राजाला तो दिवस आधीच सांगितला होता. त्या धसक्यानंच राजा गेला. एकेक तुकडा जागी बसत होता. अँब्रोज मध्येच मांडीवर थाप मारायचा. मीही मारली असती.

मग शेवटचा प्रवेश आला.

लाझारोनं स्वतःची घटका विचारून घेतलेली असते. ती घटका येते. पिशाच्च येतं. माझ्यावर तिथं रेघ आहे, टोकाला ‘वैद्या, वेळ झाली’, आणि खाली लाझारोचं शेवटचं भाषण: “थांब! एक पान राहिलंय, एवढं वाचू दे!” मी समजून होते, की पिशाच्च हे तीन शब्द म्हणेल आणि लाझारो बोलू लागेल.

पोथीत ते तीन शब्द तीनदा होते.

पिशाच्च म्हणतं, “वैद्या, वेळ झाली,” आणि लगेच पुढं जातं, “असं मी म्हणेन तेव्हा कुठं लपशील?” बरंच बोलून पुन्हा म्हणतं, “वैद्या, वेळ झाली,” आणि पुन्हा पुढं जातं, “असं तू किती आयांना, किती राजांना सांगितलंस!” तिसऱ्यांदा म्हणतं तेव्हाच खरं. आणि समासात क्राउच मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘लाझारो इथं दोनदा मध्येच बोलेल. बोलू द्यावं. फिचनं त्याला दडपून पुढं जावं. नटाला आधी सांगू नये.’

अँब्रोजचं तोंड तापलं. “मला फसवणार होते,” तो थडग्याला म्हणाला. “हजार माणसांत. मी तोंड उघडणार, फिच मला गप्प करणार. पुन्हा उघडणार, पुन्हा गप्प करणार. अकरा वर्षं ज्याला हसले, त्याला आता ठरवून हसणार.”

मलाही राग आला होता. मला लिहिणाऱ्यानंच माझ्यावर खोटं लिहिलं! कळलं ते बरं झालं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. सगळं कळलेल्या माणसाला जसं वाटतं, तसंच.

घरी थॉमसिन वाट बघत होती. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणं तालीम सुरू झाली.

“‘तिची ना—’”

अँब्रोजनं भाषण सुरू केलं.

“अरे, मी अजून म्हटलंच नाही.”

“बरं, पुन्हा म्हण.”

“‘कोण आलं—’”

पुन्हा तेच. थॉमसिननं ताट बाजूला सारलं. “तू माझ्या तोंडाकडे बघतच नाहीयेस. कालपर्यंत भुकेल्या कुत्र्यासारखा बघायचास. आज पोट भरून आल्यासारखा बसलायस. काय केलंस?”

“पाठ झालंय, एवढंच.”

“पाठ तर शनिवारीच झालं होतं,” ती म्हणाली. तिनं ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, “मला काही सांगू नकोस. मला ऐकायचं नाही.”

आमच्याकडे तालीम म्हणजे प्रयोगाच्या दिवशी सकाळी एकदा, तीही तलवारीच्या हाणामारीची आणि रंगमंचाच्या फळ्यांमधलं जे झाकण उघडून पिशाच्च वर येतं, त्याची. भाषणं ज्याची त्यानं आपली. गुरुवारी दुपारी दोनला कर्णा वाजला, छपरावर निशाण चढलं आणि अँब्रोज पेल काळा झगा घालून हजार माणसांपुढं गेला. मी त्याच्या कमरेच्या पट्ट्यात खोचलेली होते.

त्याचा एक शब्द चुकला नाही. हे मी छातीठोकपणे सांगते. एकही नाही.

आणि काहीतरी सपाट होत चाललं होतं. ज्यानं आईच्या मरणाची बातमी आणली त्याच्याकडे अँब्रोजनं बघितलं, ते निरोप्याकडे बघावं तसं नव्हे. उशिरा आलेल्या दूधवाल्याकडे बघावं तसं. राजवाड्यातले दिवे विझले, असं समोरचा सांगत होता तेव्हा अँब्रोजचे ओठ ‘मी सांगितलं होतं’साठी आधीच उघडलेले. पिटात हेझलनटचे दाणे दातांनी फोडल्याचे आवाज वाढायला लागले. ज्यांनी नाटकं बघितलीत त्यांना सांगायला नको; लोक घाबरले असले की दाताखालचा दाणा तसाच राहतो.

चौथ्या अंकात लाझारो स्वतःची घटका विचारायला पिशाच्चाला पुन्हा बोलावतो. लाझारो मंत्र म्हणत असतो आणि ते आलं, की दचकून मागं पडतो. अँब्रोजनं मंत्र म्हणता म्हणता झाकणाकडे बघितलं. झाकण अजून बंद होतं. पिटातून एक मासेवाली मोठ्यानं ओरडली, “वैद्यबुवा, थांबा की जरा! भूत अजून जिन्यातच आहे!”

हास्याचा असा लोंढा आला, की खरोखर वर आलेल्या फिचला त्या अंकातलं पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

मग शेवटचा प्रवेश. माझ्या पट्ट्यांतून मला अँब्रोजचं काळीज ऐकू येत होतं. ते शांत होतं. हेच वाईट होतं.

“वैद्या, वेळ झाली,” फिच म्हणाला आणि त्यानं ठरल्याप्रमाणं अँब्रोजवर ओरडायला छाती भरून घेतली. अँब्रोज गप्प. दडपायला समोर काहीच नव्हतं. फिचचा भरलेला श्वास तसाच बाहेर आला, आणि तो पुढं बोलत गेला. दुसऱ्यांदा, “वैद्या, वेळ झाली.” अँब्रोज हात बांधून उभा. आता त्याला काहीतरी कळलं असावं, कारण तो घाबरल्यासारखं करायला लागला. घाबरल्यासारखं करणारा माणूस कसा दिसतो ते पिटातल्या चांभारालाही कळतं. तिसऱ्यांदा फिच म्हणाला, अँब्रोजनं बरोबर जागेवर, बरोबर आवाजात म्हटलं, “थांब! एक पान राहिलंय, एवढं वाचू दे!”

“वाच बाबा, वाच,” पिटातून कुणीतरी म्हणालं. “आम्ही निघतो.”

मग फुसफुस सुरू झाली. ती तुम्ही कधी ऐकली नसेल तर देव तुमचं भलं करो.

रंगपटात अँब्रोज झगा न काढता बाकावर बसला. क्राउच मास्तर आले. त्यांच्या बगलेत पोथी होती. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“पेल, पहिल्या खेपेला तू गप्प का राहिलास?”

“रेनल्डचं बोलणं संपलं नव्हतं.”

“ते तुला कसं ठाऊक?”

  फिच दाढी काढता काढता अर्धी दाढी हातात धरून थांबला.

“चुकला असतास, तर तुला खांद्यावर घेऊन नाचलो असतो,” मास्तर म्हणाले. “परवा पोथी आणायला दुपारभर लागली तुला. मी समजलो, होडी मिळाली नसेल.”

“तुम्ही मला वेड्यात काढणार होता, मास्तर. भर पिटासमोर.”

“लाझारोला काढणार होतो. तू मध्ये कुठून आलास?”

अँब्रोजनं वर बघितलं. मला वाटतं, त्याला ते त्या क्षणी कळलं. मला कळायला पुढं फार वर्षं लागली.

तेवढ्यात थॉमसिन पेटी घेऊन आत आली. तिनं दारावरूनच सगळं ऐकलं असणार. “मास्तर, अकरा वर्षं भाला धरला त्यानं. पावसात, तापात, एकदा तर पोर गेलं त्या दिवशीसुद्धा. एकदा तुमचं पुस्तक उघडलं तर काय आकाश कोसळलं?”

“नियम आहे, बाई. मंडळीचे भागीदार काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.”

“तुम्हाला सगळंच आधी ऐकू येतं!”

“हो,” मास्तर म्हणाले. ते बाकावर अँब्रोजच्या शेजारी बसले, गुडघे चोळत. “मीही नट होतो, पेल. चांगला होतो. मग पोथ्या लिहायला लागलो. वीस वर्षं झाली, इथल्या प्रत्येक नाटकात पुढं काय होणार ते मला माहीत असतं. म्हणून तर पडद्यामागं बसतो. बाहेर रडतात ते मला ऐकू येतं. मला रडू येत नाही.” त्यांनी हात पुढं केला. “नक्कल दे.”

अँब्रोजनं मला पट्ट्यातून काढलं. देताना त्यानं मला एकदा घट्ट आवळलं. थॉमसिननं त्याच्या अंगावरून झगा उतरवला आणि घडी घातली. “आता घरी चल,” ती म्हणाली. “माझा भाऊ डेप्टफर्डला दोरखंड वळतो. त्याला उंच माणूस लागतोच.”

मी मास्तरांच्या पेटीत गेले. आणि नशिबाची गंमत बघा, पोथीच्या खालीच मला ठेवलं. बारा वर्षं ती माझ्या उरावर होती. सुरुवातीला मी मनातल्या मनात सगळं नाटक म्हणून बघायची. पुढं पुढं तेही नको झालं. कुठंही सुरू केलं तरी शेवट डोळ्यांसमोर उभाच. पुढं काय, हा प्रश्न एकदा गेला की तो पुन्हा विकतसुद्धा मिळत नाही. वरून अस्वलांचा, कर्ण्याचा, प्लेगच्या साली घंटांचा आवाज यायचा. राणी गेली, राजा आला.

मग एक दिवस पेटी उघडली. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडला होता. त्यांनी मला हातानं चाचपून ओळखलं. मंडळीला नवं नाटक मिळत नव्हतं आणि पाडुआचा वैद्य लोक विसरले होते. जुन्यांपैकी मास्तर आणि दात पडलेला फिच, दोघेच उरले होते. मला नॉर्विचहून आलेल्या ह्यूबर्ट डेंट नावाच्या नटाच्या हातात दिलं. आडदांड गडी. त्यानं मला एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, जांभई दिली आणि म्हणाला, “थोडक्यात, हा मरतो. बरोबर?”

“तुझं तू बघ,” मास्तर म्हणाले.

प्रयोगाला मी डेंटच्या पट्ट्यात होते, पिटाकडे तोंड करून. गर्दीत मला अँब्रोज दिसला. केस पिकलेले, हातांना दोरखंडाचे घट्टे. शेजारी थॉमसिन, कधी नव्हे ती पैसे देऊन आत आलेली.

शेवटच्या प्रवेशात फिच म्हणाला, “वैद्या, वेळ झाली.” डेंट जिवाच्या आकांतानं ओरडला, “थांब! एक पान—” आणि बोळक्या फिचनं त्याला असं दडपलं, की डेंट दोन पावलं मागं गेला.  ते नाटक नव्हतं. आपण कुठं चुकलो तेच त्याला कळेना. दुसऱ्यांदा तेच तीन शब्द आले. तो पुन्हा ओरडला, पुन्हा दडपला गेला, आणि आता त्याला कशाचाच भरवसा उरला नाही. तिसऱ्यांदा वेळ झाली तेव्हा त्याला आवाजच फुटेना. “थांब,” तो कसाबसा म्हणाला, एखादं लेकरू म्हणेल तसं. “एक पान राहिलंय.”

हजार माणसं. एक दाणा फुटला नाही. थॉमसिननं अँब्रोजची बाही दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्या बाईनं ते तीन शब्द स्वतःच्या तोंडानं शंभरदा म्हटले होते, तरी.

अँब्रोजचे ओठ हलत होते. प्रत्येक वाक्य त्याला येत होतं. त्याचा चेहरा जागचा हलला नाही. सगळ्या नाट्यगृहात आम्ही दोघेच घाबरलो नाही, तो आणि मी. मला त्या दिवशी जेवढं एकटं वाटलं तेवढं पेटीतही कधी वाटलं नव्हतं.

नाटक पुढं अठरा वेळा झालं. मग तेही गेलं, मंडळी गेली, मास्तर गेले. आता मी कुठल्याशा घराच्या माळ्यावर, कसल्याशा जुन्या कपड्यांत आहे. शाई फिकी झालीये. तेलकट डागाच्या वासानं एक उंदीर यायला लागला. त्यानं दुसरी पट्टी खाल्ली, तिसरीतली निम्मी. परवा नाडीचं भाषण गेलं. तुम्हाला एवढं सांगितलं, आणि आत्ता पुन्हा आठवायला गेले, तर ‘तिची नाडी थांबली’ एवढंच आठवलं. कुणाची, ते आठवेना. मी बराच वेळ विचार करत बसले. राणीची असेल का?

किती वर्षांनी मी असं काहीतरी विचारलं!

तुमच्यापैकी कुणी कधी माळ्यावर आलं, कपडे उपसले आणि मी सापडले, तर मला ऊन दाखवायला नेऊ नका. नवी खळ लावून चिकटवू नका. मला जपून ठेवायची काही गरज नाही. आणि तो उंदीर दिसलाच, तर त्याला हाकलू नका.